घाईतला माणूस

वीसेक वर्षं मी नोकरीसाठी माणसं निवडण्याचं काम केलं, त्यामुळे "समोरच्याचा स्वभाव कशावरून ओळखता?" हे मला सगळेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

बोलण्यावरून तर नाहीच. गोडबोले ऐनवेळी पाठ फिरवतात आणि फटकळ माणसं अपरात्री धावून येतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. पूर्वी मी छातीठोकपणे म्हणायचो, घाईत असताना बघा, माणूस लगेच कळतो. आता तसं म्हणवत नाही.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांना छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस मान टाकून, खोकत, कण्हत पडलेला; मुद्दाम ठेवलेला. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. "उशीर झालाय, लवकर जा" असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. त्यात निम्म्यांच्या भाषणाचा विषय होता वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या परक्याची बायबलमधली गोष्ट! त्या विषयानेही फारसा फरक पडला नाही.

ही मुलं काही निष्ठुर नव्हती. 'स्वभावाला औषध नाही' म्हणून आपण किती जणांना कायमचं निकालात काढतो, या विचाराने मी फार अस्वस्थ झालो. कारण मीही तसाच पुढे गेलो होतो.

एका हॉस्पिटलात एका आजोबांनी हातातला कागद पुढे करून खोली विचारली होती. "पुढे विचारा," म्हणालो आणि जिना चढलो. तासाभराने उतरलो तर ते त्याच बाकावर. कागद घडी घालून घालून हाताच्या घामाने मऊ पडलेला. मी जवळ जाऊन उभा राहिलो, माफी कशी मागावी ते सुचेना. त्यांनीच वर बघितलं.

"मघाशी घाईत होतात तुम्ही. झालं का तुमचं काम?"

आवाजात टोमणा नव्हता, खरंच चौकशी होती. इतक्या वर्षांत इतकी माणसं पारखली, पण असं माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मी कागद घेतला, त्यांना हात दिला आणि आम्ही खोली शोधायला निघालो.