पगाराच्या पावतीवरचे १२३ रुपये

सरकारी दवाखान्यात माझ्यासारख्या समाजसेवा अधीक्षकाच्या टेबलाशी येणारा नातेवाईक औषधाच्या नाहीतर तपासणीच्या पैशाचं बोलतो. घर कशावर चालवायचं, हे कुणी विचारत नाही. ते पाहुण्यारावळ्यांत आधीच उरकलेलं असतं, बहुतेक वेळा महिना शेकडा तीन व्याजाच्या कर्जानं. २०२४ च्या फेब्रुवारीतली ही केसही तशीच सुरू झाली, पण ती अजून डोक्यातून जात नाही.

माणूस चाळिशीतला, मूळचा गेवराई तालुक्यातला, वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. लकव्यानं उजवी बाजू गेली आणि सोबत वाचाही. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतं आणि उजवं अंगही तीच बाजू चालवते, म्हणून उजव्या बाजूच्या लकव्यात हे दुहेरी संकट पुष्कळदा दिसतं. त्याला सगळं कळत होतं, सांगता एक अक्षर येत नव्हतं. बायको रांजणगाव शेणपुंजीच्या भाड्याच्या खोलीतून आलेली, पोरं शेजारणीकडे. गावाकडची म्हैस विकून झाली होती. पगाराचं काय, म्हटल्यावर ती म्हणाली, "कंपनीतले न्हाईत हो ते म्याडम, ठेकेदाराकडले हाईत. आमाला काय भेटणार?"

मी पगाराची पावती मागवली. कपातीच्या रकान्यात लिहिलं होतं, ईएसआय १२३, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी. पगार १६,४००, त्याचा पाऊण टक्का बरोबर १२३. ही एक ओळ दिसली की माणूस कायम की ठेकेदाराचा, हा वादच संपतो. महिना २१,००० पर्यंत पगार असलेला तो राज्य विम्याचा कामगार. आजारपणात त्याला सरासरी रोजाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, सुरुवातीचे दोन दिवस सोडून. शिवाय अर्धांगवायू ३४ दीर्घ आजारांच्या यादीत आहे. त्यासाठी पुढे ८० टक्के दरानं भत्ता, तोही दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. आमच्या निवासी डॉक्टरांना हे माहीत नसतं. ठेकेदाराच्या सुपरवायझरला माहीत असतं आणि तो बोलत नाही.

तिला विम्याच्या दवाखान्यात पाठवलं, कारण भत्ता मिळतो तो तिथल्या डॉक्टरच्या दाखल्यावर. पेशंट दुसऱ्या दवाखान्यात भरती असला तर तिथले कागद नेऊन दाखवावे लागतात. दाखल्यांत खंड पडला तर तेवढ्या दिवसांचे पैसे नाहीत. दाखला मिळाला, पण विम्याच्या शाखेतून ती रिकामी परतली. "नऊ महिने झाले न्हाईत म्हनत्यात."

कारकुनाचं चुकलं नव्हतं, पडद्यावर तेच दिसत होतं. विम्यात नव्यानं आलेल्या कामगाराला उपचार लगेच मिळतात. रोख भत्ता मात्र नोकरीच्या तारखेपासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. याची तारीख दिसत होती ऑगस्ट २०२३. आता हा माणूस त्याच कंपनीत, त्याच लाइनवर २०१९ पासून. मग मी जुन्या पावत्या आणायला सांगितल्या. ती पिठाच्या डब्यात ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. जुलैची आणि ऑगस्टची पावती शेजारी ठेवली तर विम्याचे दहा आकडी नंबर वेगळे. ऑगस्टमध्ये ठेकेदार बदलला होता. नव्या ठेकेदारानं जुना नंबर न विचारता नवा काढून टाकला. विम्याचा नंबर जन्मभर एकच असायचा असतो. पण नवा काढायला पाच मिनिटं लागतात आणि जुना शोधायला एक फोन करावा लागतो. त्या फोनच्या आळसानं चार वर्षांची वर्गणी पडद्यावरून नाहीशी झाली.

जुन्या नंबरावर एप्रिल ते जुलै २०२३ ची हजेरी ७८ दिवसांच्या वर होती. जानेवारी ते जूनमधल्या आजारपणाला मागच्या एप्रिल-सप्टेंबरमधले ७८ दिवस लागतात, म्हणजे हक्क पुरा होता. ८० टक्क्यांच्या भत्त्याला तर सलग दोन वर्षांची नोकरी लागते, आणि ती नंबर जोडल्याशिवाय सिद्ध होत नाही. आधार, विम्याचं जुनं पहचान कार्ड, दोन्ही पावत्या आणि दोन्ही ठेकेदारांची पत्रं जोडून अर्ज केला. जुन्या ठेकेदारानं पत्र लगेच दिलं. नव्यानं दीड महिना झुलवलं.

तोवर हातात काय? पीएफ. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, नशिबानं एकच होता, पण त्याखाली दोन खाती. तेव्हा आजारपणाची उचल सहा महिन्यांचा मूळ पगार किंवा स्वतःचा हिस्सा, यातलं जे कमी तेवढी मिळायची. नव्या खात्यात सहा महिन्यांचे जेमतेम साडेआठ हजार. जुन्यातले साठ हजारांच्या वरचे पैसे आधी नव्या खात्यात वर्ग केले, तेव्हा कुठे उचलता आले. या सगळ्याचे ओटीपी त्याच्याच फोनवर. अशा घरात पहिलं काम पेशंटच्या सिमला रिचार्ज मारणं. ते बंद पडलं की सगळंच अडतं. त्याचा लुळा अंगठा लावून फोन उघडत होता. यूपीआयचा पिन मात्र त्याच्या डोक्यातच, आणि मेव्हण्यानं अंदाजे टाकून तो अडकवलाही होता.

बँकेनं वेगळाच घोळ घातला. खातं एकट्याच्या नावावर, "सही जुळत नाही, पेशंटला घेऊन या." रिझर्व्ह बँकेची सूचना स्पष्ट आहे. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा, हाताचा किंवा पायाचा, चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूणही चालते. पैसे कोण नेणार, हे खातेदारानं दाखवायचं. मी हे पत्रात लिहून दिलं. शेवटी एक तरुण अधिकारी शाईचा पॅड घेऊन वॉर्डात आला. डाव्या हाताचा अंगठा घेतला आणि विचारलं, "पैसे कोणाकडे देऊ?" त्यानं डाव्या हातानंच बायकोकडे बोट केलं. त्या पोराला मी चहा पाजला. त्याच्या साहेबाबद्दल न बोललेलं बरं.

याच सुमारास गावाकडून एक शहाणा आला. "वीस रुपयेवाला विमा हाय ना, दोन लाख भेटत्यात. बाथरूममध्ये पडले म्हून लिवा." तो विमा अपघाताचा, लकव्याला एक रुपया नाही. केसपेपरवर 'पडला' आलं की पोलिस केस होते, आणि सीटी स्कॅनमध्ये गुठळी दिसत असते. मग खरा हक्क आहे त्या भत्त्यावरही संशय येतो. असला सल्लागार प्रत्येक वॉर्डात एक तरी भेटतो.

बायकोच्या नावावर मायक्रोफायनान्सचं गटाचं कर्ज होतं. वसुलीवाला सकाळी सातला दारात. नऊच्या आधी आणि सहानंतर त्यांना येता किंवा फोन करता येत नाही, हे त्याला ऐकवल्यावर वेळ सुधारली, हप्ता सुटला नाही. अपंगत्वाच्या दाखल्याला सहा महिने थांबावं लागतं, कारण तोवर हातापायात सुधारणा होत असते. संजय गांधी निराधारचे तेव्हाचे दीड हजार त्यानंतरचे, तेही ४० टक्के अपंगत्व निघालं तर.

नंबर मे महिन्यात जोडले गेले. थकलेला भत्ता एकरकमी त्याच्या खात्यात पडला. दुसऱ्याच दिवशी फायनान्सवाल्यांनी मोटारसायकलचे थकलेले हप्ते ऑटो-डेबिटनं ओढले, वर बाउन्सचा दंड. ते ऑटो-डेबिट थांबवायचा अर्ज मार्चमध्येच दिला होता, अंगठा आणि साक्षीदारांसकट. बँकेनं तो सही जुळत नाही म्हणून परत केला होता. ८० टक्क्यांच्या प्रस्तावात आम्ही नवरा-बायकोच्या नावावर उघडलेल्या नव्या खात्याचा नंबर घातला, वेगळ्या बँकेतला.