एडिनबरामध्ये जुनं किल्ट जॅकेट घेताना: आधी खांदे, मग बाकी सगळं

सप्टेंबरात पर्थशायरमध्ये ऑफिसातल्या मित्राचं लग्न आहे आणि पत्रिकेत पाहुण्यांनी जमल्यास हायलँड, म्हणजे पारंपरिक स्कॉटिश, पोशाखात यावं असं लिहिलंय. किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुणीदार स्कॉटिश घागरा, माझ्याकडे होता, ब्लॅक वॉच टार्टनचा, म्हणजे त्या नावाच्या चौकटींच्या नमुन्याचा. (आपला ना क्लॅन, म्हणजे स्कॉटिश कूळ, ना काही, मग कुठलं टार्टन घालावं, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी सरळ हेच घ्यावं. हे मूळचं सरकारी पलटणीचं टार्टन, कुणीही घातलं तरी कुणाला खटकत नाही.) अडलं होतं ते जॅकेटवर. चांगल्या दुकानात लोकरीचं नवीन जॅकेट आणि वेस्टकोट घ्यायचं तर दोनशे पौंडांच्या पुढेच जातं. क्वचित घालायच्या कपड्यावर एवढे पैसे घालवायला मन धजेना, म्हणून एका शनिवारी लीड्सहून एडिनबरा गाठलं.

थेट गाडीला तीन तासांच्या आसपास लागतात. जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला दिसतो. रविवारी बरीच चॅरिटी दुकानं (लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकणारी) बंद असतात किंवा उशिरा उघडतात, त्यामुळे शनिवारच बरा. ऑगस्ट मात्र टाळाच. फ्रिंज महोत्सवामुळे राहायचे दर आभाळाला भिडतात आणि रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते.

निघण्यापूर्वी कुठलं जॅकेट हवंय ते ठरवून घ्या, नाहीतर दुकानात चंदेरी बटणं बघून भुलायला होतं. मुख्य प्रकार दोन. प्रिन्स चार्ली म्हणजे संध्याकाळच्या समारंभाचं: पुढून आखूड, मागे छोटी शेपटी, आत तीन बटणांचा वेस्टकोट आणि गळ्यात बो. त्याच्या नावावर जाऊ नका. ज्याचं हे नाव तो राजपुत्र १७४६ मध्ये कलोडनची लढाई हरला आणि हे जॅकेट आलं विसाव्या शतकात, बिचाऱ्याने ते कधी पाहिलंही नाही. दुसरं आर्गाइल. ते साध्या कोटासारखं असतं, पण आखूड, पुढून गोलसर कापलेलं आणि बाहीच्या टोकाला रुंद दुमड असलेलं. ट्वीडचं आर्गाइल दिवसा घालायचं. काळं, चंदेरी बटणांचं घेतलं तर टाय लावून दुपारच्या लग्नाला आणि बो लावून रात्रीच्या जेवणालाही चालतं. भाड्याने पोशाख देणारे सकाळच्या लग्नालाही सगळ्यांना प्रिन्स चार्लीत उभं करतात, तो भाग वेगळा. पहिलंच जॅकेट घेणार असाल तर माझं मत काळ्या आर्गाइलला.

आता फिटिंग. किल्ट आपल्या पँटसारखा कमरेच्या हाडावर बसत नाही. तो बेंबीच्या पातळीला, किंवा बोटभर वरच, घट्ट बांधतात. म्हणून किल्ट जॅकेट नेहमीच्या कोटापेक्षा तीनेक इंच आखूड असतं. पुढचा गोल कापही त्यासाठीच, की किल्टवर समोर लटकणारी पिशवी, म्हणजे स्पोरन, मोकळी दिसावी. साधा कोट वर चढवलात तर मागच्या अर्ध्या चुण्या झाकल्या जातात, पाय आखूड दिसतात आणि स्पोरन कोटाखालून डोकावत राहतं. सुटाचा कोट शिंप्याकडून कापून घेण्याची युक्ती काही जण सांगतात. खालची कड वर जाते, पण खिसे आहेत तिथेच राहतात आणि सगळा तोल बिघडतो.

म्हणून किल्ट बरोबर न्या. शर्ट आणि असेल तर वेस्टकोटही न्या. जीन्सवर घालून पाहिलेल्या किल्ट जॅकेटवरून काहीच कळत नाही, ते सगळ्यांनाच आखूड वाटतं.

वेव्हर्ली स्टेशनातून बाहेर पडून रॉयल माइलवरची दुकानं मी बघत बघत मागे टाकली. तिथे पर्यटकांसाठीचा हलका माल फार. व्हिक्टोरिया स्ट्रीटचा वळणदार उतार उतरलं की ग्रासमार्केट, तिथे आर्मस्ट्राँग्ज हे १८४० पासूनचं जुन्या कपड्यांचं दुकान आहे. छतापर्यंत लटकलेले कपडे, अरुंद वाटा, आणि वाटेत हमखास कुणीतरी टोपी घालून फोटो काढत असतं. जॅकेटांचे प्रकार एका जागी हाताळून बघायला ही जागा उत्तम. मापांचा अंदाज मला इथेच आला. छातीचं माप इंचात आणि पुढे शॉर्ट, रेग्युलर, लाँग असतं. पाच फूट आठच्या खाली उंची असेल तर बहुधा शॉर्ट लागतं. मला ४० शॉर्ट हवं होतं आणि दांडीवर बहुतेक ४२ आणि ४४ रेग्युलर होती.

तिथून न्यू टाउन ओलांडून स्टॉकब्रिजला चालत गेलो. रेबर्न प्लेसवर चॅरिटी दुकानं जवळजवळ आहेत. सधन वस्ती, त्यामुळे लोकांनी दिलेले कपडेही तसेच. (मॉर्निंगसाइड या वस्तीचीही अशीच ख्याती आहे. तिथे बसने जाणार असाल तर कार्ड टेकवा, रोख दिलेत तर सुटे परत मिळत नाहीत.) एका दुकानात पडद्यामागून किल्टसकट बाहेर आलो तेव्हा काउंटरवरच्या आजी चष्मा सावरत म्हणाल्या, "पोट आत ओढू नकोस. जेवल्यावर कसं बसेल ते बघ. आणि हात वर कर, नाचायचंय ना तुला?" केली म्हणजे तिकडचा समारंभातला समूहनाच, त्यात हात सतत वर जातात. हात वर केल्यावर खांदा आणि कॉलर दोन्ही उचलले गेले तर ते जॅकेट परत दांडीवर.

खांद्यांचं म्हणणं शेवटचं. शिवण खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे. बाहेर लोंबत असेल किंवा आत ओढत असेल तर दुरुस्तीचा खर्च जॅकेटपेक्षा जास्त होतो. कॉलर मानेला चिकटून हवी. लांबीही बदलता येत नाही असंच धरून चाला, कारण खिसे आणि पुढचा काप त्याच मापाने बेतलेले असतात. कुशी आत घेता येतात. सैल करायच्या असतील तर शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, किती सोडलीय ते अस्तर चाचपून बघा. बाह्यांचं मात्र सांभाळा. साध्या बाह्या खालून आखूड होतात, पण आर्गाइलच्या रुंद दुमडीमुळे काम वरून, खांद्याकडून करावं लागतं. ते सोप्या हाताचं काम नाही. शर्टाची कफ अर्धा इंच बाहेर दिसली की बाही बरोबर समजा.

प्रिन्स चार्ली घेणार असाल तर आणखी एक. ते पुढून मिटत नाही, उघडंच राहायला बनवलेलं असतं, तेव्हा बटण लागत नाही म्हणून माप मोठं घेऊ नका. वेस्टकोटची खालची कड किल्टच्या वरच्या कडेवर आली पाहिजे. मध्ये शर्टाची पांढरी पट्टी दिसली की सगळा थाट गेला. वेस्टकोट असेल तर कमरेला पट्टा नाही, आणि स्पोरन वेस्टकोटच्या खाली तीन-चार बोटांवर.

मी घेतलं ते काळ्या बॅराथियाचं (हे एक लोकरी कापड) आर्गाइल, ४५ पौंडांना. डाव्या आतल्या खिशात हात घातला तर शिंप्याची चिठ्ठी शिवलेली, शाईने लिहिलेली तारीख पुसट झालेली, पण अस्तराची टीप हाताची. अशी चिठ्ठी दिसली की जॅकेट मापाने शिवलेलं असतं, बहुधा माया भरपूर. उलट आत मोठा आकडा छापलेली पट्टी किंवा बारकोड असेल तर तो भाड्याच्या दुकानातून निघालेला माल. तो स्वस्त मिळतो आणि मापंही भरपूर असतात, पण काखेतलं अस्तर आणि कोपरांवरची चमक नीट बघा. कापड उजेडाकडे धरा. कसर लागलेली भोकं दुकानातल्या दिव्याखाली दिसत नाहीत. एखादं बटण नसेल तर नाराज होऊ नका, चंदेरी चौकोनी बटणं सुटी मिळतात. भाव मात्र त्यावरून जरूर करा.

दुकानात घेतलेला कपडा नुसता आवडला नाही म्हणून परत घ्यायचं बंधन दुकानदारावर नाही, तेव्हा पैसे देण्याआधीच विचारून ठेवा. ऑनलाइन व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलं तर साधारणपणे १४ दिवसांत रद्द करता येतं. खासगी माणसाकडून घेतल्यास नाही. मागवण्यापूर्वी जॅकेट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत (४० च्या मापाला २१ ते २२ इंच), खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत आणि कॉलरच्या खालून पाठीची लांबी, एवढी मापं मागून घ्या. लेबलवरचा आकडा जुन्या कपड्यात फारसा कामाचा नाही, मधल्या काळात कुणीतरी ते आत घेतलेलं असतं.

घरी आणल्यावर बाकीच्या लोकरी कपड्यांजवळ लगेच टांगू नका. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवलं की कसरीची अंडी मरतात. माझं सध्या मटारांच्या शेजारी आहे. त्यानंतर ड्रायक्लीन आणि मग बाह्यांसाठी शिंपी. लग्नाच्या हंगामात शिंप्याकडे रांग असते, तेव्हा महिनाभर आधी टाका.