ट्रक येऊन किती दिवस झाले?

न्यू जर्सीत ट्राउट (थंड, गोड्या पाण्यातला मासा) गरवायला जायचं तर आधी एकच गोष्ट बघायची: त्या पाण्यात ट्रकने आणलेले मासे कधी सोडलेत. गरी, आमिष, उभं राहायची जागा, सगळं त्यावर ठरतं. कोणत्या नदीत कोणत्या आठवड्यात मासे सोडणार याचं वेळापत्रक राज्याचं मत्स्य खातं दर वसंतात जाहीर करतं. ते फोनमध्ये ठेवा.

हे मासे येतात वॉरन काउंटीतल्या पेक्वेस्ट हॅचरीतून, म्हणजे राज्याच्या मत्स्यपैदास केंद्रातून. लांबट हौदांत वाढलेले, गोळीखाद्यावर पोसलेले, सरासरी साडेदहा इंचांचे. २०१३ मध्ये तिथे फुरुंक्युलोसिस हा जिवाणूंचा रोग आला. ब्रुक आणि ब्राउन ट्राउटना तो चटकन होतो, म्हणून त्यानंतर तिथे फक्त रेनबो ही ट्राउटची जात वाढवायचं ठरलं. त्यामुळे आज गरीला लागणारा सोडलेला मासा बहुधा रेनबोच असतो, आणि त्याने आयुष्यभर एकच अन्न पाहिलेलं असतं: वरून पडणारी गोळी.

पहिले दोन-तीन दिवस हे मासे नदीचे झालेलेच नसतात. ट्रक जिथपर्यंत पोचतो त्या पुलाखाली, पार्किंगजवळच्या डोहात ते घोळक्याने राहतात, फार तर धारेबरोबर थोडे खाली सरकतात. सोडल्यानंतर काही तास तर तोंडही उघडत नाहीत. मस्कोनेटकाँग नदी असो की रॅरिटन नदीचा साउथ ब्रँच हा फाटा, या दिवसांत खळखळत्या उथळ पाण्यात वेळ घालवू नका. कमरेइतकं खोल, संथ पाणी शोधा. आमिष म्हणून सॅमन माशाचं एखादं अंडं, मीलवर्म (एक लहान अळी) किंवा अर्धं गांडूळ पुरतं. अख्खं गांडूळ लावलं की मासा शेपूट तोडून नेतो आणि गरी मोकळी येते.

सामान हलकं हवं, इथेच बहुतेकांचं चुकतं. बास या मोठ्या माशासाठी घेतलेली, दहा पाउंड ताण सोसणारी दोरी एप्रिलच्या नितळ पाण्यात माशाला लांबून दिसते आणि बारीक आमिषाला नैसर्गिकपणे वाहू देत नाही. सहा फुटांची अल्ट्रालाइट (अगदी हलकी, लवचीक) काठी, लहान स्पिनिंग रीळ, चार पाउंडांची दोरी, १० ते १४ नंबरची गरी. नंबर जितका मोठा, तितकी गरी बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा. गरीच्या वर वीतभर अंतरावर शिशाचे एक-दोन बारीक मणी चिमटीने दाबून बसवा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, नाहीतर घर्षणाने तापून दोरी तिथेच कमजोर होते.

आता खरं काम: वाहवणं. धारेच्या तिरप्या वरच्या बाजूला फेका आणि काठी उंच धरून दोरी जेमतेम ताठ ठेवा. आमिष तळाला हलकं टिकटिक करत यायला हवं. पाण्यावरच्या बुडबुड्यांकडे बघा. तळाशी धार नेहमी संथ असते, म्हणून बुडबुडे तुमच्या दोरीला मागे टाकून पुढे जायला हवेत. दोरी त्यांच्या बरोबरीने चालली असेल तर आमिष तळाशी पोचलेलंच नाही. आणखी एक मणी लावा. दर फेकीला अडकत असेल तर एक काढा. दोरीला मध्ये पोट सुटलं तर धार ते पोट ओढते, त्यामागे आमिष फरफटतं आणि मासा तोंड फिरवतो. काठीच्या टोकाने दोरी उचलून वरच्या बाजूला टाका. रेनबो थंड पाण्यात गचका देत नाही. दोरी क्षणभर थांबते, एवढंच. तेवढ्यात मनगट उचला, खांदा नाही. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरी ज्या ताणाला सुटते तो अडसर, दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर ठेवा.

तळ्यात गणित वेगळं. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना फॅरिंग्टन लेक किंवा चीझक्वेक पार्कमधलं हुक्स क्रीक लेक जवळ पडतं. लोक जोर लावून मध्यावर फेकतात, पण नुकते सोडलेले मासे काठाकाठाने फिरतात, पंधरा-वीस फुटांत. इथे तरंगणारं पीठ, म्हणजे पॉवरबेटसारखं आमिष, चांगलं चालतं. दोरीत सरकतं अंडाकृती शिसं (सात ग्रॅम) ओवा, खाली स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), त्याखाली दीड-दोन फूट बारीक दोरी आणि १२ नंबरची गरी. पिठाची हरभऱ्याएवढी गोळी गरी पूर्ण झाकेल अशी वळा आणि फेकण्याआधी काठाशी पाण्यात सोडून बघा. गोळी गरीला घेऊन वर आली पाहिजे. बुडाली तर थोडं पीठ वाढवा किंवा गरी लहान करा. गरीखालच्या दोरीची लांबी म्हणजेच तळापासून आमिषाची उंची, म्हणून शेवाळ असेल तर लांबी वाढवा. जोरात फेकलं की गोळी हवेतच सुटते. हळू, झोका दिल्यासारखं फेका. मग दोरी सैल सोडा. शिसं सरकतं ठेवल्यामुळे माशाला ओढ जाणवत नाही.

या पिठाचा एक मोठा दोष आहे. मासा गरी पोटात गिळतो, आणि असा मासा सोडून दिला तरी बहुधा मरतो. म्हणून पीठ किंवा गांडूळ लावलं तर मासे घरी न्यायचे आणि मर्यादा भरली की थांबायचं. सोडून द्यायचे असतील तर लहान स्पिनर (पाण्यात फिरणारं चमकतं पातं असलेलं कृत्रिम आमिष), उलटा काटा चपटा दाबलेली एकेरी गरी. गिळलेली गरी ओढून काढू नका, दोरी तोंडाशी कापा.

आठवडा-दहा दिवसांनी मासे पसरतात, कीटक खायला शिकतात. मग चमकदार पिठापेक्षा बारीक निंफ (पाण्यातल्या कीटकासारखी बनवलेली गरी) किंवा लहान स्पिनर बरा, आणि मोठ्या दगडामागचं पाणीही धुंडाळायला हवं. सगळ्यात चांगलं खाणं दहा ते सोळा अंश सेल्सिअस पाण्यात. वीसच्या वर गेलं की पाण्यात प्राणवायू कमी पडतो, लढलेला मासा सावरत नाही. पाच-सात डॉलरचा थर्मामीटर जवळ ठेवा आणि जूनमध्ये पारा चढला की ट्राउट गरवणं थांबवा. ऑक्टोबरात ट्रक पुन्हा येतो, तेव्हाचे मासे चौदा इंचांच्या पुढचे असतात. तिथे सहा पाउंडांची दोरी लावा.

सोळा ते एकोणसत्तर वर्षांच्यांना परवाना आणि वर ट्राउट स्टँप (ट्राउटसाठीची वेगळी परवानगी), दोन्ही लागतात. हंगाम उघडल्यापासून ३१ मेपर्यंत दिवसाला ६ मासे, त्यानंतर ४, किमान ९ इंच, हा नेहमीचा नियम. पण काही पट्ट्यांत फक्त कृत्रिम आमिष चालतं, म्हणून काठावरचा फलक आणि त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचूनच दोरी टाका.

न्यायचा मासा लगेच बर्फात घाला. खवले इतके बारीक असतात की काढावे लागत नाहीत. पोट चिरून आतडी काढली की कण्यालगत काळपट रक्ताची पट्टी दिसते. ती अंगठ्याच्या नखाने खरवडून वाहत्या पाण्यात धुवा. ती राहिली की मासा मातकट, कडवट लागतो. हौदातल्या माशाचं मांस मऊ असतं, बांगड्यासारखं घट्ट नाही, म्हणून तुकडे न करता अख्खा ठेवा. हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास मुरवा, रव्यात घोळवा, आणि तवा नीट तापल्यावरच टाका. खालची बाजू खरपूस होऊन स्वतःहून सुटेपर्यंत उलथनं लावू नका.