१:४३ चं शेल्फ, अपडेट: सित्रोएन डीएस आली, पण तोंड चुकीचं

बरेच दिवस काही लिहिलं नाही कारण मॉडेल गाड्यांचं अख्खं शेल्फच उपसून ठेवलेलं. १:१८ वाल्या (म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अठरांश) सगळ्या खोक्यात गेल्या, आता फक्त १:४३. (हे विचित्र प्रमाण ओ गेज नावाच्या मापातल्या रेल्वे मॉडेल्समुळे आलंय, फुटाला ७ मिमी.) आधी सरमिसळ होती आणि मिनी चक्क डीएसपेक्षा मोठी दिसायची, काय अर्थ आहे! आता पट्टी लावून बघितलं तर मिनी जेमतेम ७१ मिमी, फियाट ५०० त्याहून दोनेक मिमी कमी आणि सित्रोएन डीएस ११२. शेजारी ठेवल्यावर कळतं की मिनीचा डिझायनर इसिगोनिसने त्या एवढ्याशा डबीत चार माणसं कशी बसवली असतील.

तर डीएस. खोक्यावर १९६० छापलंय, आणि पुढे बघतो तर काचेखाली चार दिवे! अरे, हे तोंड १९६७ च्या बदलानंतरचं, ज्यात आतले दिवे स्टिअरिंगबरोबर वळायचे. कंपनीचं नाव घेत नाही. परत करणार होतो पण पेंट इतका सुंदर बसलाय, पॅनलच्या रेषा पण बारीक, की ठेवली आणि नवीन लेबल छापून चिकटवलं. ती जमिनीला टेकल्यासारखी बसलेली दिसते ती मात्र चूक नाही हां, इंजिन बंद करून ठेवलं की खरी डीएस पण हळूहळू खाली बसते, हायड्रोन्यूमॅटिक (तेल आणि वायूच्या दाबावर चालणारं) सस्पेन्शन ना.

वाईट बातमी बीटलची. चार वर्षांनी प्लास्टिकच्या बेसवरून उचलली तर मागचे दोन्ही टायर चिकटलेले, खाली वितळल्यासारखे काळे खड्डे. मऊ टायरमधलं प्लास्टिसायझर (त्यांना मऊ ठेवणारं रसायन) बाहेर येतं आणि बेस खातं. मग एक अख्खा रविवार घालवून सगळ्यांचे स्क्रू काढले, चॅसी आणि बेसच्या मध्ये वॉशर घातले, गाडी केसभर उचलली जाते, समोरून कळतही नाही. नाजूक ॲक्सलवाल्यांना स्क्रू बेताने पिळा, माझ्या पोर्शे ३५६ चं एक चाक आता किंचित फेंगडं आहे.

पुढचा नंबर जॅग्वार ई-टाइपचा, पण दिव्यांवर काच असलेली सुरुवातीचीच हवी, १९६१ ला जिनिव्हात दाखवली तशी. यावेळी खोकं नाही वाचणार, आधी दिवे बघणार.