धुण्याचा दगड

भाच्याने बर्लिनहून हजार तुकड्यांचं चित्रकोडं आणलंय. दुपारी जेवणाच्या टेबलावर तेच मांडून बसलो. चित्र जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिशचं, १८०९-१० मधलं. ओकच्या रानात पडका मठ. उरलीय ती एक भिंत आणि तिच्यातली उंच रिकामी खिडकी. आजूबाजूला निष्पर्ण झाडं, खाली बर्फ, आणि काळ्या झग्यातले साधू शवपेटी घेऊन दारातून आत निघालेत. आत म्हणजे कुठे, देव जाणे. पलीकडे छप्परच नाही.

भिंत जमली, झाडंही जमली. खालचा अंधार जमेना. शेकडो तुकडे, सगळे करपल्या दुधाच्या रंगाचे. बायको दोनदा येऊन विचारून गेली, ''रात्री जेवायचं कुठे?''

मठ खरा आहे. फ्रीडरिशच्या जन्मगावाजवळ, म्हणजे ग्राइफ्सवाल्डजवळ, एल्डेनाचा. ११९९ ची स्थापना. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेत बंद पडला, आणि पुढे स्वीडिश अमलात शहराच्या तटबंदीसाठी इथल्याच विटा नेल्या. राहिलेल्या भिंतीभोवती हे रान फ्रीडरिशने मनाने उभं केलं. एका चित्रात तर या पठ्ठ्याने समुद्राजवळचं ते खिंडार उचलून थेट रीझेनगेबिर्गच्या डोंगरात नेऊन ठेवलंय!

पण माझा हात अडला तो विटांपाशी. आमच्या आळीतला पडका वाडा असाच संपला. आधी दारं गेली, मग तुळया, मग अंधार पडल्यावर दगड. एक आमच्याकडेही आला. वडील हातगाडी ओढत होते, मी मागून ढकलत होतो. आजी दारातच कडाडली, ''पडक्या घराचा दगड? आधी परत टाकून या!''

कोण टाकतंय. मोरीबाहेर धुण्याचा दगड म्हणून तो बसला. पंधरा दिवसांत आजी त्याच्यावरच पाय टेकून टाचा घासायला लागली. वर, ''सपाट आहे हो छान.'' खालच्या अंगाला अर्धं कमळ कोरलेलं होतं. ते जमिनीकडे तोंड करून राहिलं, आणि बसवताना पाहिलेल्या आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊकही नव्हतं.

फ्रीडरिशने बर्फातल्या मठाचं आणखी एक मोठं चित्र काढलं होतं. ते १९४५ मध्ये बर्लिनमध्ये नष्ट झालं. आता त्याचे फक्त काळेपांढरे फोटो आहेत. त्याचं कोडं काढत नसावेत.

साडेआठला अर्धा अंधार तसाच चादरीसकट उचलून दिवाणावर ठेवला आणि पानं घेतली. जेवताना आठवलं, आळीतलं घर बिल्डरला दिलं तेव्हा तो दगड कोणी नेला, विचारायचंच राहिलं.