वारं कुठून शिरतंय ते बघा: पैठण, जालना, परळी असा टनेल भट्टीसाठी केलेला चार दिवसांचा फेरा

आमची वीटभट्टी मांजरेच्या काठी, लातूर जिल्ह्यात. आजोबांच्या काळापासून पद्धत एकच. कच्च्या विटांचा ढीग रचायचा, थराथरात कोळसा आणि भुसा पेरायचा, बाहेरून मातीनं लिंपायचं आणि पेटवून द्यायचं. ढीग पंधरा-वीस दिवसांनी उघडला की मधल्या विटा लाल, आतल्या काही वितळून खंगर झालेल्या आणि कडेच्या पिवळट, कच्च्या. दर खेपेला हा कडेचा माल अर्ध्या भावात जातो. म्हणून गेली दोन वर्षं टनेल भट्टीचा, म्हणजे बोगद्यातून विटा सरकवत भाजायच्या भट्टीचा, विचार चाललाय. कागदावरचा आराखडा तयार होता. चालू भट्टी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसा घालायचा नाही असं ठरवून फेब्रुवारीत निघालो.

जाणाऱ्यांनी दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच जावं. मृग जवळ आला की भट्टीवाल्याला बोलायला सवड नसते, आणि पावसाळ्यात बघण्यासारखं काही उरत नाही. सकाळी सातच्या आत पोचायचं. वीट थापणारी माणसं पहाटेच कामाला लागतात आणि उन्हं चढली की थांबतात. मातीबद्दल त्यांना जे कळतं ते मालकालाही कळत नाही.

पहिला मुक्काम पैठण. गोदाकाठचा गाळ आणि आमच्याकडची काळी माती यांतला फरक हातात घेतल्याबरोबर समजतो. गाळ मऊ असतो, सुकताना फारसा आखडत नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की उभी फाटते. मी घरून आमच्या मातीची दहा सेंटीमीटरची पट्टी पाडून नेली होती. ती वाळून पावणेनऊ सेंटीमीटरवर आली होती. थापणाऱ्या एका मावशींनी ती हातात फिरवली आणि म्हणाल्या, "दादा, ह्या मातीत राख नाही घातली तर वीट भट्टीच्या आधीच मरती." पुढचा सगळा प्रवास त्या वाक्यामुळे परळीपर्यंत लांबला.

पैठणला आणखी एक गोष्ट बघून घ्या, ती म्हणजे चुनखडीचे खडे. मराठवाड्यातल्या मातीत ते असतातच. भट्टीत साधारण ८०० ते ९०० अंशांच्या दरम्यान त्यांचा कळीचा चुना होतो. वीट बाहेर येते तेव्हा छान दिसते. नंतर हवेतली ओल पिऊन तो चुना फुगतो आणि विटेचा टवका उडवतो. भट्टी कितीही भारी बांधली तरी हा दोष जात नाही, कारण तो मातीतलाच आहे. उपाय म्हणजे माती रोलरमधून काढून खडा मिलिमीटर-दीड मिलिमीटरपर्यंत बारीक करणं. पैसे कमी असतील तर मी आधी रोलर घेईन, भट्टी नंतर. शिवाय विटांची माती गौण खनिजात मोडते, तेव्हा गाळ उचलण्याआधी तहसीलची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) यांचं बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी जालना. छत्रपती संभाजीनगरहून साठेक किलोमीटर, एसटी भरपूर. जालन्यात लोखंडाच्या रोलिंग मिल असल्यामुळे भट्टीचं अस्तर लावणारे, पत्रा वळवणारे, पंखे दुरुस्त करणारे कारागीर तिथेच मिळतात. टनेल भट्टीवाल्याला हा फार मोठा आधार आहे. मी बघितलेली भट्टी शहराबाहेर होती. मालकांनी नाव न देण्याच्या बोलीवर दोन दिवस मोकळेपणानं फिरू दिलं.

ज्यांनी टनेल भट्टी बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या भट्टीत विटा जागेवर असतात आणि जाळ सरकतो. टनेलमध्ये उलटं असतं. जाळ बोगद्याच्या मधोमध कायम जळत राहतो आणि विटा रुळांवरच्या गाड्यांतून त्याच्याकडे जातात. हवा समोरून, म्हणजे बाहेर पडायच्या तोंडाकडून येते. ती आधी भाजलेल्या विटांना निववते आणि स्वतः तापते, मग जाळाला मिळते, आणि तिथून निघालेला गरम धूर आत येणाऱ्या कच्च्या विटांना तापवून पंख्यातून धुराड्यात जातो. कल्पना इतकी सुंदर आहे की उष्णता वाया जायला जागाच राहू नये.

तरीही जाते. ही भट्टी साठ मीटर लांब होती, आत तीन-तीन मीटरच्या वीस गाड्या. दर दोन तासांनी एक गाडी आत ढकलली जाते, म्हणजे वीट चाळीस तास बोगद्यात असते. गाडीवर नऊ इंची सोळाशे विटा, दिवसाला एकोणीस हजारांच्या आसपास. मालकांची तक्रार अशी होती की वरच्या थरातल्या विटा उत्तम येतात, खालचे तीन थर कच्चे राहतात, आणि कोळसा वाढवला की वरच्या वितळतात. खालच्या थरातली एक वीट मी मधोमध फोडून बघितली. बाहेरून बोटभर लाल, आत काळा गाभा. मातीतला सेंद्रिय भाग जळायला वेळ आणि हवा दोन्ही लागतात. ती तिथे मिळालेली नव्हती.

भट्टीवरचे जुने मिस्त्री, त्यांना सगळे मामा म्हणतात, मला बोगद्याच्या तोंडाशी घेऊन गेले. गाडीच्या दोन्ही बाजूंना खाली एक लोखंडी पत्रा लोंबतो, आणि तो भिंतीलगतच्या वाळूनं भरलेल्या पन्हळीत बुडालेला असतो. त्या वाळूमुळेच गाडीखालची थंड हवा वर जात नाही. मामांनी अगरबत्ती पेटवली आणि दोन गाड्यांच्या सांध्याजवळ धरली. धूर क्षणभर सरळ वर गेला, मग आडवा झाला आणि दोरी ओढावी तसा सांध्यात शिरला. पन्हळीत हात घातला तर वाळू चार बोटं खाली गेलेली, आणि पत्र्याची खालची कड उघडी.

मामा म्हणाले, "भाऊ, जाळ कमी नाय. वारं कुठून शिरायलंय ते बगा."

ह्या फेऱ्यातून मी काय आणलं असं कुणी विचारलं तर मी हे वाक्य सांगेन. तापवणीच्या पट्ट्यात, म्हणजे कच्च्या विटा धुरानं तापतात त्या भागात, पंख्यामुळे बोगद्याच्या आत ओढ असते. वाळू कमी झाली की गाडीखालची थंड हवा त्या ओढीनं वर शिरते आणि नेमकी खालच्या थरावर येऊन बसते. गरम धूर हलका, तो छताला चिकटून पुढे निघून जातो. मालकांनी तापमापक फक्त छतात बसवले होते, त्यामुळे काट्यावर सगळं ठीक दिसत होतं. आम्ही एक तापमापक बाजूच्या झरोक्यातून गाडीच्या पाटाजवळ, म्हणजे विटा रचतात त्या तळाजवळ, घातला. त्याच जागी वर ६२० अंश होते, खाली ३८०.

धुराड्यातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र मी भाड्यानं नेलं होतं. आकडा आला १८ टक्के. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, म्हणजे जळण्यात फक्त ३ टक्के वापरला गेला होता. सरळ हिशेब केला तर जळायला लागते त्याच्या सातपट हवा धुराड्यातून जात होती. टनेलमध्ये विटा निववणारी हवाही ह्याच वाटेनं जाते, त्यामुळे थोडा जास्तीचा आकडा येणारच. पण १६ टक्क्यांवर आणता आला तरी हीच हवा सव्वाचारपटीवर येते. फरकाची सगळी हवा कोळसा जाळून तापवली जाते आणि आभाळात सोडली जाते.

म्हणून जे माझ्यासारखे आराखड्याच्या टप्प्यावर आहेत त्यांना कळकळीनं सांगतो, बर्नर आणि कोळशाच्या फीडरवर पैसा घालण्याआधी गाडीवर घाला. पत्रा वाकणार नाही इतका जाड हवा आणि वाळूत चांगला खोल बुडालेला हवा. वाळू धुतलेली, कोरडी, ज्वारीच्या दाण्याएवढी भरड असावी. गाड्या पुढे सरकताना वाळूही ओढून नेतात, म्हणून आत येणाऱ्या तोंडाशी वाळू सोडणारी टाकी आणि बाहेरच्या तोंडाशी ती गोळा करायची सोय ठेवावी. दोन गाड्यांच्या सांध्यात सिरॅमिक फायबरची दोरी बसवावी. ते फायबर कापताना तोंडाला चांगला मास्क लावा, त्याचे तंतू फुप्फुसात जाऊ देऊ नका. गाडीखालच्या पोकळीला एक छोटा पंखा जोडून वरचा आणि खालचा दाब सारखा राखता येतो. नाहीतर जाळाच्या पट्ट्यात उलटा त्रास होतो, तिथे गरम हवा खाली उतरते आणि चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस जाळते. आत येण्याच्या बाजूला दोन दरवाजे ठेवा, एका वेळी एकच उघडेल असे. ह्या भट्टीत एकच होता आणि दर दोन तासांनी तो सताड उघडा पडत होता.

गाडीच्या पाटाचंही तसंच आहे. तिथे भरीव अग्निविटांचा थर होता, तो गाडीवरच्या मालाइतकाच जड, चार-साडेचार टनांचा. तो दर फेरीला तापतो आणि उष्णता घेऊन बाहेर येतो. पोकळ अग्निविटा आणि मधे हलकं भरण वापरलं तर हे वजन बरंच उतरतं.

रचाई, म्हणजे गाडीवर विटा कशा रचतात ते, बघायला अर्धा दिवस द्या, मी तेवढाच दिला आणि तो कमी पडला. विटांचा वरचा थर आणि छत यांत इथे हातभर अंतर होतं. हवेला मोकळी वाट मिळाली की ती विटांच्या आत कशाला शिरेल? अंतर दोन-तीन इंचांवर आणायचं, बाजूलाही तेवढंच, आणि विटांमधल्या फटी बोगद्याच्या लांबीच्या दिशेनं एका रेषेत ठेवायच्या. तापवणीच्या पट्ट्यात छताखालची हवा ओढून खाली सोडणारे फिरते पंखे लावले तर वरचा-खालचा फरक आणखी कमी होतो. रचणाऱ्याला थापणाऱ्यापेक्षा जास्त मजुरी द्यावी लागली तरी द्यावी.

सुकवणीचा मुद्दा मालकांना नवा होता. गाडीवरच्या विटांत ५ टक्के ओल राहिली, तर तीन किलोच्या विटेत दीडशे ग्रॅम पाणी, सोळाशे विटांत २४० लिटर. ते दर दोन तासांनी भट्टीत उकळावं लागतं, आणि थंडीच्या पहाटे तीच वाफ आत येणाऱ्या गार विटांवर घामासारखी बसून त्यांना मऊ पाडते. निवणीच्या पट्ट्यातून, म्हणजे भाजलेल्या विटा निवतात त्या भागातून, गरम हवा काढून सुकवणीच्या खोलीत न्यायची नळी आराखड्यात पहिल्या दिवसापासून असावी, मागून जोडायला गेलं की जागा मिळत नाही. मात्र निवण्याची घाई नको. ५७३ अंशांना विटेतल्या वाळूच्या कणांचं रूप बदलतं आणि ते एकदम आखडतात. ६०० ते ५०० अंशांच्या मधे गार हवेचा झोत बसला की वीट बारीक तडकते. ठोकून बघा, चांगली वीट खणखणते, तडकलेली भद्द वाजते.

जालन्यात एक वाईट प्रसंग झाला. दुसऱ्या दुपारी वीज गेली आणि जनरेटर लागायला वीस मिनिटं गेली. पंखे थांबले, धूर उलटा फिरून माणसं उभी होती तिथे आला. कुणाला इजा झाली नाही, पण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो दिसत नाही. धुराड्याचा पंखा जनरेटरवर आपोआप आणि सगळ्यात आधी सुरू झालाच पाहिजे. ह्यात काटकसर करू नका.

तिथून रेल्वेनं परभणी आणि गंगाखेडमार्गे परळी. तिथल्या औष्णिक वीज केंद्राची राख दोन प्रकारची मिळते, कोरडी बारीक आणि तळ्यातली भरड. आमच्या काळ्या मातीला दोन्हीचे नमुने घेतले. राखेत न जळालेला कोळसा किती आहे ते प्रयोगशाळेतून तपासून घ्या. तो विटेच्या आतून जळतो आणि इंधन वाचवतो, पण जास्त झाला तर तो तापवणीच्या पट्ट्यातच पेट घेतो आणि पुन्हा तोच काळा गाभा. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, तेव्हा सगळा हंगाम एकाच राखेवर बेतू नका. वैद्यनाथाचं दर्शन पहाटे होतं, गर्दी नसते. सोमवार टाळा.

कागदपत्रांबद्दल एकच. केंद्र सरकारच्या २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार नव्या वीटभट्ट्या झिगझॅग (विटांमधून वारं नागमोडी फिरवणाऱ्या), उभ्या शाफ्टच्या किंवा पाइपनं येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या असाव्या लागतात, आणि धुरातल्या कणांची मर्यादा घनमीटरला २५० मिलिग्रॅम आहे. कोळशावरच्या टनेलचा विचार असेल तर जागा घेण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात इंधनाच्या नावासकट लेखी विचारा. मी तो अर्ज परत आल्या दिवशीच टाकलाय.

घरी बिनराखेच्या आणि २०, ३० आणि ४० टक्के राखेच्या प्रत्येकी वीस विटा पाडल्या. बिनराखेच्या वीसपैकी सतरा विटांना अंगणातच तडे गेले. ३० टक्केवाल्या एकीलाही नाही. त्या आता सावलीत वाळतायत. परवा मामांचा फोन आला होता. सहा गाड्यांचे पत्रे बदलून झालेत, वाळू नवीन भरलीय, आणि खालून दुसऱ्या थरातली वीट फोडली तर गाभा लाल निघाला. सगळ्यात खालचा थर अजून काळाच आहे. उरलेल्या गाड्या झाल्या की पुन्हा जायचंय, ह्या वेळी तापमापक घेऊन.