मुरबाडची आंबा शिवार फेरी: जुनी झाडं छाटायची असतील त्यांच्यासाठी

शहापूरजवळ आमची हापूसची सात झाडं आहेत, आजोबांच्या हातची, पन्नाशी उलटलेली. उंची एवढी की आंबे उतरवायचा जाळीचा झेला पोचत नाही. शेंड्याचा आंबा माकडांनाच. त्यामुळे मुरबाडजवळच्या एका बागेत जुन्या झाडांच्या पुनरुज्जीवनावर शिवार फेरी आहे असं कळल्यावर ऑक्टोबर अखेरच्या रविवारी मामांना घेऊन गेलो.

मुरबाडला अजून रेल्वे नाही. ठाण्याहून कल्याण लोकल आणि पुढे एसटी, तीसेक किलोमीटर. गाडी कुठून सुटते ते स्टेशनबाहेर विचारून घ्या. शहाड ओलांडेपर्यंतच निम्मा जीव जातो, रायत्याच्या पुलावर उल्हास नदी दिसली की बरं वाटतं. नऊनंतर निघालात तर मुख्य प्रात्यक्षिक हुकलंच समजा. ऊन चढायच्या आत करवत चालवून मोकळे होतात.

छाटणी बघताना पोटात गोळा येतो, हे आधीच सांगून ठेवतो. मधली सरळ वर गेलेली फांदी उतरवली आणि झाडाच्या पोटात पहिल्यांदा ऊन पडलं. जाड फांदीला आधी खालून थोडी खाच घेतली, मगच वरून करवत लावली. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलवटून नेते. काप तिरका, पाणी साचू नये म्हणून.

मग कापांवर बुरशी लागू नये म्हणून लावायचं बोर्डो मलम. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र. भांडी प्लॅस्टिकची, लोखंडी नकोत. (फवारणीच्या १ टक्का मिश्रणाला एवढंच सामान, पण पाणी १०० लिटर.) मिश्रणात घासलेला कोयता बुडवून धरला, तर पात्यावर तांबूस थर चढला. म्हणजे चुना कमी पडला. चुन्याची निवळी घालून पुन्हा कोयता बुडवला, तेव्हा पातं स्वच्छ निघालं. घरी करताना ही चाचणी चुकवू नका. केलेलं मलम त्याच दिवशी संपवायचं.

पण खरं काम करवत ठेवल्यावर सुरू होतं. कापाखाली फुटव्यांचं रान माजतं; बाहेरच्या बाजूचे मोजके जोमदार ठेवून बाकीचे काढावे लागतात. खोडकिडा छाटलेल्या झाडावर टपूनच असतो. खोडाशी लाकडाचा भुसा दिसला की भोकात तार घालून अळी ओढून काढायची, भोक चिखलाने लिंपायचं. आंबा धरायला दोन-तीन वर्षं जातात. आमच्यासारख्या महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्यांनी आधी राखणीला माणूस बघावा, मग करवत.

एकाने सफरचंदाचं विचारलं. हिमाचलच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-९९ ही कमी थंडीत येणारी जात त्याने मोबाईलवर पाहिली होती. मामा माझ्या कानाशी, "हापूसच्या भौगोलिक मानांकनात ठाणे जिल्हा २०१८ पासून आहे, आणि ह्याला सफरचंद हवंय!" मला मात्र तो प्रश्न विचारावासा वाटत होता.

बूट घालून जा. मी चपलांत गेलो आणि लाल मुंग्यांनी पायांचा समाचार घेतला. रोगट पान दाखवायला न्यायचं तर वर्तमानपत्रात गुंडाळा. माझं प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजून काळं पडलं, बघणाऱ्यालाही काही कळेना. त्यापेक्षा मोबाईलवर काढलेला पूर्ण झाडाचा फोटो कामी आला. जेवण तिथेच होतं, भाकरी आणि वालाची उसळ, पण पाण्याची बाटली आपली न्या. परतीच्या एसटीची वेळ सकाळी उतरतानाच विचारा.

येताना मामांना म्हटलं, पुढच्या महिन्यात सातही झाडं छाटायला घेऊ. मामा म्हणाले, "दोन घे. नाहीतर तीन वर्षं तुझ्या मामीला आंबे विकत आणून द्यावे लागतील, आणि ते तू देणार आहेस."